पुंजारामानं मोजलेले बार

पुंजाराम पाच वर्षं माझा शेजारी होता. त्या पाच वर्षांत मी त्याच्यावर जितकी चिडले, तितकी माझ्या वर्गातल्या चाळीस पोरांवरही चिडले नाही. पोरं निदान खोड्या तरी करायची. हा खोडी करायचा नाही, खोटं बोलायचा नाही, कामाला मागं सरायचा नाही. तरी रोज संध्याकाळी माझं डोकं या एका माणसापायी तापलेलं असायचं, आणि ते का, हे कुणाला सांगायला गेलं तर लोक माझ्याकडेच विचित्र नजरेनं बघायचे. एवढ्या गरीब स्वभावाच्या माणसावर बाई कशाला तडकतात?

एकोणसत्तर साली माझी बदली नगरहून पाथर्डी तालुक्यात झाली. गाव तिसगावच्या बाजाराचं, दोन शिक्षकी शाळा, त्यातले एक गुरुजी कायम रजेवर. सरपंच रंगनाथ यांनी आपल्या धाकट्या भावाच्या घराची पुढची खोली मला राहायला दिली. दिली म्हणजे, भावाला न विचारताच दिली. धाकटा भाऊ पुंजाराम तिथंच उभा होता. पस्तिशीचा, सडपातळ, हाताची बोटं लांब आणि कामानं टणक झालेली. मी विचारलं, "चूल कुठं मांडू?"

"तुमी म्हनाल तितं, बाई."

"सामान कधी आणू?"

"तुमी म्हनाल तवा."

पहिल्या दिवशी मला वाटलं, किती अदबशीर माणूस आहे. आठवड्याभरात कळलं की ही अदब नव्हे. या माणसाला स्वतःचं असं मतच नव्हतं, किंवा असलंच तर ते कुठंतरी खोल पुरून ठेवलेलं होतं. गावात त्याला व्हयबा म्हणत. तोंडावर म्हणत. तो हसायचा आणि 'व्हय' म्हणायचा.

बाप लहानपणीच गेला, थोरल्या भावानं वाढवलं, सगळं त्यानंच ठरवलं, हे खरं. आपलं लग्न ठरल्याचं पुंजारामाला हळदीच्या दिवशी कळलं, असं त्याची बायको मुक्ताबाई मला हसत हसत सांगायची आणि सांगता सांगता भांडं जरा जोरात आपटायची. पण रंगनाथ काही राक्षस नव्हता. तोही वैतागलेलाच असायचा. "ह्यो माज्या तोंडाकडं बगतो, म्हून मला बोलावं लागतं," असं तो एकदा मला म्हणाला होता, आणि ते मला पटलं होतं.

पुढच्या वर्षी पुंजाराम आपल्या मुलीला शाळेत घालायला घेऊन आला. मी रजिस्टर उघडलं.

"नाव काय लिहू?"

त्यानं पोरीकडं बघितलं. मग छताकडं बघितलं. "घरात बनू म्हनत्यात. दादा सुभद्रा म्हनतो. तुमी म्हनाल त्ये लिवा."

"मुलगी कुणाची आहे, पुंजाराम?"

"माजीच की."

"मग नाव तुम्ही सांगा."

तो नुसता हसला. बाहेर आणखी अकरा पालक रांगेत उभे होते. मी दात ओठ खात 'बनुबाई' लिहिलं. संध्याकाळी रंगनाथ माझ्या दारात. आमच्या आईचं नाव सुभद्रा, तेच लावायचं ठरलं होतं, ते का नाही लावलं? मी काही बोलायच्या आत भिंतीपलीकडून पुंजारामाचा मऊ आवाज आला: "बाईंनी लिवलं, दादा." माझ्या हातात लाटणं होतं. ते मी फेकलं नाही, ही माझ्या आयुष्यातली मोठी गोष्ट समजते मी.

आणि ते गाढव! मढीच्या जत्रेत गाढवांचा मोठा बाजार भरतो. पुंजाराम कानिफनाथाला नारळ फोडायला आणि मुक्ताबाईला लुगडं आणायला म्हणून गेला आणि तिन्हीसांजेला गाढव घेऊन परत आला. शेतकऱ्याच्या घरात गाढव! लोक घरातून बाहेर येऊन बघत होते. मुक्ताबाईनं विचारलं, लुगडं कुठाय? हा म्हणाला, "त्यो मानूस लई मागं लागला. घ्या म्हनला. न्हाई कसं म्हनायचं?" मुक्ताबाई दोन दिवस बोलली नाही. गाढव मात्र दारात बांधलं गेलं, आणि त्याला चारापाणी घालायचं काम पुंजारामानं कधी चुकवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

इथवर मी हसण्यावारी नेलं असतं. पण शाळेच्या वाशाची गोष्ट मला हसण्यावारी नेता आली नाही.

शाळा कौलारू होती. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात पुंजारामानं शाळेची कौलं चाळून नीट लावून दिली. श्रावणात एका रविवारी छताचा एक वासा मधोमध मोडून खाली आला. दुसरीची पोरं जिथं बसत, बरोबर तिथं. बनूची जागाही तीच. रविवार होता म्हणून कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पुंजाराम धावत आला, मोडलेला वासा उचलून बघितला आणि शांतपणे म्हणाला, "ह्यो आतून खाल्लेला हुता. कौलं चाळताना हाताला लागलं हुतं माज्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"मी कोन सांगनारा, बाई?"

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी समजलं. मी त्या पडक्या छताखाली उभी राहून ओरडले, अगदी गावभर ऐकू जाईल इतकी ओरडले. "ज्याला माहीत आहे तो सांगणारा! आणखी कोण? रंगनाथ कौलांवर चढला होता का? मी चढले होते का? तुमची स्वतःची पोर इथं बसते, आणि तुम्ही 'मी कोन' म्हणता? तुम्ही कुणीच नाही असं म्हटलं की झालं, मग तुम्हाला काही करायला नको, चुकायला नको, कुणी विचारायला नको. मोठी सोय करून ठेवली आहे तुम्ही स्वतःची!"

तो मान खाली घालून सगळं ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "व्हय."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत आले तर नवा वासा बसलेला. कुणी सांगितलं नव्हतं. सांधा इतका सुबक की बोट फिरवलं तरी कळू नये. मी तो सांधा बघितला आणि मला आणखीच राग आला. ज्याचे हात असे आहेत, त्यानं स्वतःला कवडीमोल का समजावं?

मग दुष्काळ आला. एक पाऊस हुकला होताच, बहात्तर सालचाही हुकला. गावची पिण्याच्या पाण्याची विहीर मार्गशीर्षातच तळाला लागली. टँकर आठवड्यातून दोनदा यायचा म्हणे, यायचा एकदा. बाया दोन कोसांवरून पाणी आणत. तेव्हा त्या गाढवाचं नशीब उघडलं. पुंजाराम त्याच्या पाठीवर दोन्हीकडं तेलाचे पत्र्याचे डबे लटकवून पहाटे निघायचा आणि येताना आपल्या घरासकट शेजारच्या म्हाताऱ्या चांगुणाबाईलाही पाणी घालायचा. लुगड्याच्या जागी गाढव आल्याचं मुक्ताबाईनं त्या उन्हाळ्यात माफ केलं.

विहीर खोल करायचं ठरलं. खाली सगळा काळा पाषाण. सुरुंग लावल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. त्यासाठी आसाराम मिस्तरी आला. दांडगा अनुभवी माणूस, पण जन्मभर सुरुंग उडवून उडवून त्याचे दोन्ही कान गेलेले. त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरच काही कळायचं. हाताखाली त्यानं गावातली दोन माणसं घेतली: पुंजाराम आणि भिमाजी. भिमाजी म्हणजे पहिलवानी अंगाचा, बेधडक, चार लेकरांचा बाप.

कामाची रीत अशी. दिवसभर खडकाला पहारीनं भोकं पाडायची. त्यांत दारू ठासायची. प्रत्येक भोकात एक वात. वाती कापायच्या त्या एकीपेक्षा दुसरी बोटभर लांब, म्हणजे बार एकामागून एक उडतात आणि मोजता येतात. मग एकानं खाली राहून वाती पेटवायच्या, दोर धरून यारीनं, म्हणजे काठावरच्या ओढून घ्यायच्या चौकटीनं, वर यायचं आणि सगळ्यांनी लांब पळायचं. जो वाती पेटवील त्यानंच बार मोजायचे. सात पेटवले आणि सात वाजले, तर खाली उतरायचं. सात पेटवले आणि सहाच वाजले, तर एक सुरुंग खाली जिवंत आहे असं धरून दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत विहिरीत पाय घालायचा नाही. आसाराम मिस्तरी हा नियम पहिल्याच दिवशी सगळ्या गावासमोर ओरडून सांगून मोकळा झाला. नेवाशाकडं एका कामावर त्यानं मोजण्यात झालेली चूक माणसाच्या जिवावर बेतलेली बघितली होती.

वाती कापायचं आणि मोजायचं काम पुंजारामाकडं आलं. हात हलका, नजर बारीक, म्हणून. आणि इथं त्याच्या व्हयबेपणानं जी कमाल केली, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे. बार संपले की हा मिस्तरीकडं जायचा, त्याच्या तोंडासमोर सात बोटं धरायचा आणि विचारायचा, "सात न्हवं, मिस्तरी?" मिस्तरी ती बोटं बघून मान हलवायचा. मग हा वळून सगळ्यांना सांगायचा, "मिस्तरी म्हनत्यात, सात झाले." म्हणजे स्वतःच्या धडधाकट कानांनी ऐकलेलं हा एका बहिऱ्या माणसाकडून पक्कं करून घ्यायचा! मी कपाळाला हात लावला. रंगनाथालाही दाखवलं. तो म्हणाला, "बाई, ह्येला आता देवबी सुदरवनार न्हाई."

माझ्या वर्गातली पोरं बारांच्या वेळेला आपसूक मोजायला लागली होती. शाळा सुटायच्या सुमाराला पहिला धडाका झाला की सगळा वर्ग एका सुरात 'एऽक, दोऽन' म्हणायचा. मीही मनात मोजायचे. सवयच लागली.

तो शनिवार होता. सकाळची शाळा. साडेअकराला पोरं सुटली आणि मी घागर घेऊन थेट विहिरीवर गेले, कारण बातमी आली होती: सकाळी तळाच्या पूर्वेच्या अंगाला ओल दिसली. झरा. टँकर येऊन सहा दिवस झाले होते. विहिरीभोवती पन्नास-साठ बाया घागरी घेऊन बसलेल्या. रंगनाथानं ठरवलं, संध्याकाळची वाट न बघता दुपारीच बार काढायचे, लगेच दगड उपसायचे, म्हणजे रात्रभर पाणी साचेल आणि उजाडताच प्रत्येक घराला एक एक घागर देता येईल.

आठ भोकं होती. पुंजारामानं वाती पेटवल्या, वर आला, आम्ही सगळे देवळाच्या ओट्यामागं गेलो. मी मोजायला लागले. एक. दोन. तीन. चार. पाचवा जरा जास्त दणक्याचा वाटला. सहा. सात. मी आठव्याची वाट बघत राहिले. धूर वर आला, विरला. बाया उठल्या आणि विहिरीकडं निघाल्या.

"आठ झाले," रंगनाथ म्हणाला. "भिमाजी, उतर."

भिमाजीनं दोर हातात घेतला. मग रीत म्हणून त्यानं पुंजारामाकडं बघितलं.

पुंजाराम मिस्तरीसमोर उभा होता, दोन्ही हात खालीच. मिस्तरी म्हणाला, "बोटं किती दावतो?" पुंजारामानं बोटं वर केली नाहीत. मिस्तरीच्या लक्षात आलं असावं. तो मोठ्यानं म्हणाला, "मला ऐकाया येत न्हाई, पोरा. म्हून तर तुला ठिवला. तू सांग."

मग त्यानं भावाकडं बघितलं. रंगनाथ म्हणाला, "आरं, आठ झाले की. पाचवा ऐकला न्हाईस का केवढा झाला? दोन संगं उडाले."

"वाती बोटाबोटानं वाढवल्याती, दादा. संगं कशा उडतील?"

"उडत्यात कंदीमंदी. बाया सकाळपून तानेल्या बसल्याती. बोल लवकर."

तेव्हा पुंजाराम माझ्याकडं वळला. मला वाटलं होतंच, की तो वळणार. "बाई, तुमी मोजले आसतीन. तुमी शिकलेल्या. किती झाले?"

साठ बायांनी माझ्याकडं बघितलं. रंगनाथानं बघितलं. माझ्या घागरीत काल रात्रीपासून थेंब नव्हता आणि घसा कोरडा पडला होता. मला सातच ऐकू आले होते. पण समजा दोन खरंच एकदम उडाले असले तर? माझ्यामुळं सगळं गाव तहानलेलं बसलं तर ही परगावची बाई कोण मध्ये तोंड घालणारी, असं म्हणणार नाहीत का? हे सगळं मनात यायला दोन पळंसुद्धा लागली नाहीत.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हटलं.

मग त्याला आणखी कुणाकडं बघायला उरलंच नव्हतं. त्यानं एकदा विहिरीच्या तोंडाकडं बघितलं, एकदा भिमाजीकडं.

"सात," तो म्हणाला.

"काय?"

"मी सात ऐकले. येक खाली हाय. आज कुनी उतरायचं न्हाई."

आवाज बारीकच होता. आधी कुणाला खरंच वाटलं नाही. मग एकच गलका उठला. चांगुणाबाई, जिला तो रोज पाणी आणून द्यायचा, तीच सगळ्यांत आधी कडाडली, "जलमात कदी तोंड उघडलं न्हाई, आन् आज आमच्या घशावर पाय द्याया उघडलं व्हय रं?" मुक्ताबाईची रिकामी घागर कमरेवर होती. चौदा वर्षं ती या माणसाला 'जरा बोलत जा' म्हणून सांगत आली होती. ती म्हणाली, "आजच सुचलं का तुमाला? सगळ्या गावाम्होरं?"

रंगनाथ पुढं आला. "पुंज्या, मी सांगतो, आठ झाले. माजी जिम्मेदारी. भिमाजी, उतर तू."

पुंजाराम यारीपाशी गेला, दोर सोडून घेतला, त्याचं नीट वेटोळं केलं आणि त्या वेटोळ्यावर मांडी घालून बसला. "सकाळी आदी मी उतरतो," तो म्हणाला. "मोजलं मी. जिम्मेदारी माजी."

त्याला उचलून बाजूला टाकणं भिमाजीला एका हाताचं काम होतं. पण भिमाजीनं बिडी काढली आणि तोही यारीला टेकून बसला. मिस्तरीला काय चाललंय ते कुणीतरी कानात ओरडून सांगितलं. तो फक्त म्हणाला, "मोजनारा म्हनतो त्ये खरं," आणि पागोटं डोळ्यांवर ओढून सावलीत आडवा झाला. बाया शिव्या घालत उठल्या. मीही माझी रिकामी घागर उचलली आणि त्याच्याकडं न बघता घरी आले. त्या संध्याकाळी तांब्यात जपून ठेवलेल्या पाण्यात मी भात टाकला आणि तो तसाच झाकून ठेवला.

सकाळी सगळं गाव काठावर. पुंजाराम दोर बांधून खाली उतरला. बराच वेळ काही आवाज नाही. मी मनात देवाला विनवत होते, आणि काय विनवत होते ते ऐकून कुणीही मला शहाणी म्हटलं नसतं. तो जिवंत सुरुंग सापडू दे, असं मी म्हणत होते. या माणसानं चाळीस वर्षांत एकदा मान वर केली आहे, ती खरी ठरू दे.

तो वर आला. हात काळे, कपाळावर धूळ. खाली तो एकटाच होता. 'एक राहिला होता, काढला' म्हणून नुसतं सांगितलं असतं तर कुणी तपासायला उतरणार नव्हतं. मिस्तरीसुद्धा नव्हता उतरणार.

"आठीच्या आठी उडाल्याती," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "मी चुकलो. दोन वाती मी सारक्या कापल्या आसनार, म्हून संगं उडाल्या. तुमचं येका दिसाचं पानी माज्यामुळं गेलं."

अरे देवा! इतक्या वर्षांत एकदा तोंड उघडलं आणि तेही चुकीच्या वेळी. मला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त संताप आला, कुणावर ते त्या वेळी कळेना. रंगनाथ हसला, लोकही हसले. चांगुणाबाई काहीतरी पुटपुटली. मी वाट बघत होते की हा आता नेहमीसारखा मान खाली घालून हसेल आणि 'व्हय' म्हणेल. तो हसला नाही. मान सरळ ठेवून उभा राहिला आणि लोकांचं हसू संपेपर्यंत थांबला.

भिमाजीनं बिडी विझवली. "मंग आता उतरू का, पुंजा?"

"उतर."

भिमाजी दोर धरून खाली गेला. जाताना त्यानं रंगनाथाकडं बघितलं नाही, मिस्तरीकडंही नाही. त्या दिवसानंतर त्या विहिरीचं काम आणखी महिनाभर चाललं. पुंजारामानं पुन्हा कधी मिस्तरीसमोर बोटं धरली नाहीत. बार संपले की तो आकडा सांगायचा आणि लोक तो ऐकून उठायचे. पुढं दोनदा त्यानं 'येक कमी' म्हटलं आणि दोन्ही वेळा गाव निमूट घरी गेलं. त्यातल्या एका सकाळी खरंच न उडालेला सुरुंग निघाला. मिस्तरीनं तो आपल्या हातानं निकामी केला. त्याचा कुणी गाजावाजा केला नाही, पुंजारामानं तर नाहीच.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचंच. तो विहिरीवरून तसाच गाढव घेऊन गेला आणि दिवसभर दोन कोसांच्या खेपा घालत राहिला. पहिले डबे चांगुणाबाईच्या दारात, मग एक एक घर. तिसऱ्या प्रहरी तो माझ्या दाराशी आला. डोळे तांबडे, पायांवर गुडघ्यापर्यंत फुफाटा.

"बाई, घागर आना. कालची तुमची ऱ्हायली."

मी घागर आणली. तो पाणी ओतत होता, एक थेंब बाहेर न सांडता. मला ते बघवेना. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुंजाराम, काल मलाही सातच ऐकू आले होते."

त्याचा हात थांबला. डबा तसाच तिरपा धरून त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं.

"मंग सांगितलं का न्हाई, बाई?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलं. नेमकं त्याच शब्दांत आलं, ज्यांच्यासाठी मी शाळेच्या पडक्या छताखाली त्याच्यावर गाव गोळा होईल इतकी ओरडले होते. ते मी गिळलं आणि दोन्ही हातांनी घागर धरून उभी राहिले. त्यानं उरलेलं पाणी ओतलं, डबा गाढवावर चढवला आणि पुढच्या घराकडं गेला.